मायावती मंदावते तेव्हा

मुलांनो, एकच नाटक सगळ्यांत जास्त वेळा कोण पाहतं, सांगा बरं? नट म्हणाल, तर नट आपला प्रवेश झाला की विंगेत जातो. दिग्दर्शक म्हणाल, तर चार प्रयोग मार्गी लागले की त्याच्या डोक्यात पुढचं नाटक सुरू होतं. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत, प्रत्येक प्रयोगाला, रंगमंचावरची नजर न काढता नाटक पाहतो तो प्रकाशयोजना सांभाळणारा. हौशी रंगभूमीवर हे काम मी वर्षानुवर्षं केलं. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरवर बोटं. त्या कामानं माझ्या डोळ्यांना जे वळण लावलं, त्याच वळणानं पुढे मी आकाश पाहिलं. आज तीच गोष्ट सांगतो. तिच्यात एक राजा आहे, दोन भांडणाऱ्या मैत्रिणी आहेत, ऐकू न येणारा एक मुलगा आहे आणि दर तिसऱ्या दिवशी मंदावणारी एक चांदणी आहे.

आम्ही सांगलीकर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथंच उभं केलं, तेव्हा रंगमंचावर उजेड होता तो तेलाच्या दिव्यांचा. पुढे ग्यासच्या बत्त्या आल्या, मग वीज आली. माझ्या वाट्याला आले ते पाचशे आणि हजार वॅटचे स्पॉट, त्यांच्यापुढे लावायचे रंगीत जिलेटीन आणि हे सगळं गावोगावी नेणारा टेम्पो. राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग असो की जत्रेतला, सामान आवरून निघेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असे. वाटेत एखाद्या घाटात टेम्पो थांबायचा. मंडळी पाय मोकळे करायला उतरायची आणि मी मान वर करून उभा राहायचो.

उतरल्या उतरल्या फारसं काही दिसत नसे. टेम्पोचे दिवे डोळ्यांत असत. पाच-दहा मिनिटांत चांदण्या वाढू लागत आणि अर्ध्या तासानं आकाश गच्च भरलेलं असे. आकाश तेच, पण डोळे बदललेले. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशींना रंग कळत नाही, पण अगदी अंधुक उजेडही कळतो. दंडपेशींत रोडोप्सिन नावाचं एक द्रव्य असतं. प्रखर उजेड पडला की ते विरतं, आणि पुन्हा पुरेसं साठायला वीस ते तीस मिनिटं अंधार लागतो. त्या वेळात कुणी मोबाइल उघडला की सगळी मेहनत वाया जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गडद लाल उजेडाचा मात्र दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून आकाश पाहणारी मंडळी टॉर्चला लाल कागद बांधतात. आमच्या टोळीतला एक जुना नट ब्लॅकआउट यायच्या आधी एक डोळा मिटून ठेवायचा. दिवे गेले की तो डोळा उघडून अंधारात बिनचूक आपल्या जागेवर जाऊन उभा राही. तो जे अनुभवानं करत होता, ते शास्त्रानं मला पुढे उलगडलं.

आता दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं येतात तेव्हा आम्ही तासगावच्या पुढे, द्राक्षांच्या मळ्यात एका स्नेह्यांकडे मुक्कामाला जातो. अमावास्येच्या आसपासचे दिवस असतात, त्यामुळे चंद्राचा अडथळा नसतो. खळ्यात सतरंजी टाकायची, फोन घरात ठेवायचे आणि अर्धा तास नुसत्या गप्पा मारायच्या. मग वर पाहायचं.

मुलांना मी आधी रंग दाखवतो. रात्री दहाच्या पुढे पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. चार ठळक तारे म्हणजे मृगाचे चार पाय आणि मधले ओळीतले तीन म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. त्या बाणाची रेघ खाली वाढवली की बाण मारणारा व्याध सापडतो. चार पायांपैकी एक तारा तांबूस आहे, तो काक्षी. त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा आहे. मंद चांदण्या सगळ्या पांढुरक्या दिसतात, कारण त्यांचा उजेड फक्त दंडपेशींना जाणवतो. हे दोघे एवढे ठळक आहेत की शंकुपेशीही जाग्या होतात आणि रंग दिसतो.

धाकटा नातू म्हणाला, “आजोबा, तिथं पण कुणी जिलेटीन लावलंय का हो?”

त्याला मी तारेचा पिवळा बल्ब आणि डिमर आणून दाखवला. तुम्हीही मोठ्यांना सोबत घेऊन पाहा. डिमर अगदी कमी ठेवला की बल्बमधली तार मंद लालसर दिसते. वाढवला की नारिंगी होते, मग पिवळी, मग पिवळसर पांढरी. समोर कुठलाही रंगीत कागद नाही. तार जितकी तापेल तितका तिचा रंग लालाकडून निळ्याकडे सरकतो. टंगस्टनची तार साधारण ३,४०० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून बल्बचा उजेड पांढऱ्यापर्यंत जाऊन थांबतो. ताऱ्यांना हे बंधन नाही. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,३०० अंश, सूर्याचा ५,५००, व्याधाचा साडेनऊ हजारांच्या घरात आणि राजन्याचा सुमारे १२,००० अंश. काक्षी तांबूस, सूर्य पांढरा, व्याध आणि राजन्य निळसर, हा क्रम त्या तापमानाचाच आहे. तिथवर कुणी गेलेलं नाही, थर्मामीटर लावलेला नाही. रंग पाहून ताप कळला. एलइडी दिवा मात्र हा धडा देणार नाही, कारण तो तापून उजेड देत नाही. मंद केला तरी त्याचा रंग आपोआप तांबूस होत नाही.

थोरली नात विचारात पडली. “लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा, निळा असे तारे आहेत. मग हिरवा का नाही?”

हा प्रश्न तिनं विचारला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण त्याचं उत्तर रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पांढऱ्या पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा असे तीन झोत एकाच जागी टाका. तिथं पांढरा उजेड होतो. तारा कधीच एका रंगात चमकत नाही, तो सगळेच रंग कमीअधिक प्रमाणात देतो. आपल्या सूर्याच्या प्रकाशात हिरव्याच्या आसपासच्या भागाचा जोर मोठा आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे लाल आणि निळे रंगही भरपूर आहेत. सगळे मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. हिरव्यावर जोर असलेले तारे आहेत, आणि त्यांतल्याच एकाच्या उजेडात आपण रोज वावरतो.

आता वळूया उत्तरेकडे. ध्रुवतारा आपल्याकडे बराच खाली, क्षितिजापासून सतरा अंशांवर असतो. त्याच्या वर कार्तिकातल्या संध्याकाळी पाच ताऱ्यांची, इंग्रजी एम अक्षरासारखी आकृती दिसते. ती शर्मिष्ठा. तिच्या डाव्या हाताला मंद ताऱ्यांचा घरासारखा आकार आहे, तो तिचा बाप, राजा वृषपर्वा. जवळजवळ डोक्यावर देवयानी, आणि शर्मिष्ठेच्या उजव्या हाताला राजा ययाती. सबंध नाटकाची पात्रयोजना आकाशाच्या एकाच भागात!

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. देवयानी ही असुरांचे गुरू शुक्राचार्य यांची मुलगी, शर्मिष्ठा ही असुरराजाची. दोघी मैत्रिणी. जलक्रीडेनंतर कपड्यांची अदलाबदल झाली, भांडण पेटलं आणि शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं. शिकारीला आलेल्या ययातीनं तिला हात देऊन वर काढलं. पुढे देवयानी राणी झाली आणि शर्मिष्ठा तिची दासी. ययातीनं शर्मिष्ठेशी चोरून संसार केला, शुक्राचार्यांनी त्याला अकाली म्हातारपणाचा शाप दिला आणि धाकट्या पुरूनं बापाला आपलं तारुण्य दिलं. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा मराठी माणसाच्या मनात खोल रुजली आहे. वि. स. खांडेकरांनी तिच्यावर कादंबरी लिहिली, वि. वा. शिरवाडकरांनी नाटक लिहिलं. ग्रीक लोकांनी याच ताऱ्यांत दुसरी कथा पाहिली. तिथं राजकन्या अँड्रोमेडा समुद्रकाठच्या खडकाला बांधलेली आहे आणि वीर पर्सियस तिला सोडवतो. त्या कथेवर युरिपिडीसनं इसवी सनापूर्वी ४१२ मध्ये नाटक केलं होतं. आपला ययाती आणि त्यांचा पर्सियस एकाच ताऱ्यांत उभे आहेत, आणि दोघेही संकटातल्या मुलीला हात देतात.

ययातीच्या कथेवरच्या एका नाटकाला मी उजेड दिला होता. शाप लागतो त्या प्रवेशात नटाला रंगभूषा बदलायला वेळ नव्हता. म्हातारपण उजेडानंच आणायचं होतं. समोरून येणारा उबदार प्रकाश मी हळूहळू काढून घ्यायचो आणि त्याच वेळी बरोबर डोक्यावरचा दिवा चढवायचो. वरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणीत सावल्या बसतात, गालांची हाडं वर येतात, कपाळावरची प्रत्येक आठी दिसू लागते. तरुण राजा लोकांच्या देखत म्हातारा व्हायचा. हा बदल इतका सावकाश करावा लागे की प्रेक्षकांना तो होताना कळू नये, झाल्यावर कळावा. पहिल्यांदा नाटक पाहणाऱ्याला तो कळत नसेच. पुन्हा पाहायला आलेला माणूस मात्र नंतर येऊन विचारायचा, “तिथं तुम्ही काय करता हो?”

हे लक्षात ठेवा, कारण असाच एक सावकाश बदल खऱ्या ययातीत, म्हणजे आकाशातल्या ययातीत, दर तिसऱ्या दिवशी होतो. तिथं मायावती नावाचा तारा आहे. एरवी तो त्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा ठळक तारा. पण दोन दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी एकदा तो मंदावू लागतो. पाच तासांत त्याचा उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो आणि पुढच्या पाच तासांत पूर्ववत होतो. ग्रीकांनी याच जागी मेड्युसा राक्षसिणीचं तोडलेलं मुंडकं कल्पिलं होतं. सतराव्या शतकात इटलीतल्या मोंतानारी यांनी हा तारा कमीजास्त होतो असं नोंदवलं होतं. पण तो केव्हा आणि का मंदावतो, याचा छडा लागायला आणखी शंभरहून अधिक वर्षं जावी लागली. तो लावला अठरा वर्षांच्या एका मुलानं.

त्याचं नाव जॉन गुडरिक. जन्म १७६४ सालचा. अगदी लहानपणी आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली. बहिऱ्या मुलांना शिकवता येतं हेच तेव्हा फार थोड्यांना पटत होतं. त्याच्या आईवडिलांना ते पटलं होतं. त्यांनी त्याला स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या शाळेत घातलं, जिथं अशा मुलांना शिकवत असत. शिकून तो इंग्लंडमधल्या यॉर्क शहरी घरी आला. तिथं शेजारी एडवर्ड पिगॉट नावाचे खगोलप्रेमी राहत होते. दोघांची मैत्री जमली आणि रोज रात्री ठरावीक तारे पाहून त्यांचा उजेड नोंदवायचा, असा दोघांनी नेम धरला.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकनं मायावतीकडे पाहिलं आणि ती मंद दिसली. आपल्या डोळ्यांवर त्याचा विश्वास बसेना. तसा तो बसावा म्हणून त्यानं पुढचे कित्येक महिने जमेल त्या प्रत्येक रात्री मायावती पाहिली. त्याच्याकडे उजेड मोजणारं यंत्र नव्हतं. त्याची पद्धत साधी होती, आणि ती आजही तुम्ही वापरू शकता. ज्यांचा उजेड बदलत नाही असे शेजारचे तारे धरायचे, आणि आज मायावती यातल्या कोणापेक्षा ठळक आहे, कोणाइतकी आहे, कोणापेक्षा मंद आहे एवढंच लिहायचं. असं लिहीत लिहीत त्याला ताल सापडला. १७८३ च्या मे महिन्यात त्याचं काम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. त्यानं लिहिलं होतं, की एखादा मोठा काळोखा गोल मायावतीभोवती फिरत असावा आणि तो मधे आला की उजेड अडत असावा. नाहीतर ताऱ्यावरच डाग असावेत. त्याच वर्षी सोसायटीनं त्याला कॉप्ली पदक दिलं. तिचा तो सर्वोच्च सन्मान.

त्याच्या पहिल्या तर्काला पुरावा मिळायला १८८९ साल उजाडलं. जर्मनीतल्या पॉट्सडॅम वेधशाळेत हेर्मान फोगेल यांनी मायावतीच्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्यातले रंग वेगळे करून पसरलेला पट्टा, घेतला. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या रेघा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर लाल बाजूला. मायावतीच्या रेघा मंदावण्याच्या त्याच तालावर इकडून तिकडे सरकत होत्या. म्हणजे ती कुणाभोवती तरी फिरत होती. आज आपल्याला ठाऊक आहे की तिथं एक निळसर, तेजस्वी तारा आहे आणि त्याच्यापेक्षा आकारानं मोठा पण पुष्कळ मंद असा नारिंगी तारा त्याच्याजवळून फिरतो. मंद तारा पुढे आला की तेजस्वी तारा बराचसा झाकला जातो. ग्रहणच ते, पण आपल्यापासून सुमारे ९० प्रकाशवर्षांवरचं!

नातवंडांना मी हे आधी गणित म्हणून घालतो. समजा आज रात्री अकरा वाजता मायावती सर्वांत मंद होती. दोन दिवस, २० तास, ४९ मिनिटं म्हणजे तीन दिवसांना तीन तास अकरा मिनिटं कमी. तर तिसऱ्या दिवशी ती केव्हा सर्वांत मंद होईल? थोरलीनं चटकन सांगितलं, “पावणेआठ वाजून गेल्यावर, सात एकोणपन्नासला!” मग त्या संध्याकाळी सगळे लवकर जेवतात आणि सतरंजीवर येऊन बसतात. आपण काढलेल्या वेळेला एक तारा आकाशात मंद होतो, हे पाहताना मुलांच्या तोंडून जो ओरडा निघतो, तो मी कुठल्याही नाट्यगृहात ऐकलेला नाही.

गुडरिकची गोष्ट अजून संपलेली नाही. १७८४ साली त्याला वृषपर्व्यात असाच आणखी एक बदलता तारा दिसला. हा पाच दिवस आणि जवळजवळ नऊ तासांच्या तालावर चालतो, पण त्याची चाल वेगळी आहे. झपाट्यानं उजळतो आणि सावकाश मंदावतो. तिथं कुणी कुणाच्या आड येत नाही. हा तारा स्वतःच फुगतो आणि आकसतो. त्याच्या आत हेलियमचा एक थर आहे. तारा आकसला की तो थर दाबला जातो, तापतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडेनाशी होते. अडकलेली उष्णता थराला बाहेर ढकलते आणि तारा फुगतो. फुगला की थर निवतो, उष्णतेला वाट मिळते, दाब कमी होतो आणि तारा पुन्हा आत येतो. अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. गुडरिक १७८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेला. त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी रॉयल सोसायटीनं त्याला आपला सदस्य केलं होतं.

त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाच्या बाई आकाशाच्या फोटोंच्या काचा तपासत होत्या. त्यांनाही नीट ऐकू येत नसे. एकाच भागाच्या, वेगवेगळ्या रात्री घेतलेल्या काचा शेजारी ठेवून कोणता ठिपका लहानमोठा झाला हे शोधायचं, असं ते काम. दक्षिण आकाशातल्या मॅगेलनी मेघ नावाच्या ताऱ्यांच्या दोन समूहांत त्यांनी शेकड्यांनी बदलते तारे शोधले. १९१२ साली त्यांनी छोट्या मेघातल्या २५ सेफीड ताऱ्यांचा हिशेब मांडला. जो तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा ताल संथ. एकाच मेघातले तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून ही तुलना खरी होती.

या शोधाचं मोल प्रकाशयोजना करणाऱ्याला चटकन कळतं. समोरचा स्पॉट पाचशे वॅटचा आहे हे ठाऊक असेल, तर रंगमंचावर पडणाऱ्या उजेडावरून तो किती दूर टांगला आहे हे काढता येतं. दिवा दुप्पट दूर नेला की उजेड चौथा हिस्सा होतो, तिप्पट दूर नेला की नववा हिस्सा. अडचण एवढीच की ताऱ्यावर वॅट लिहिलेले नसतात. लेव्हिटबाईंनी ते वाचायची युक्ती दिली. सेफीडचा ताल मोजा, त्यावरून त्याचं खरं तेज काढा, आणि तो आपल्याला किती मंद दिसतो यावरून अंतर.

१९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीतल्या धुरकट ठिपक्याचा फोटो घेतला. हा ठिपका तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसेल, मात्र अंधार चांगला हवा. आणि त्याच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहायचं, कारण डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्या कडेला दाट असतात. त्या फोटोत हबल यांना सेफीड सापडला. त्याचा ताल मोजल्यावर अंतर आलं ते आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडचं. तो ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, स्वतंत्र दीर्घिका होती. आजच्या मोजमापानुसार ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिथून आज आपल्या डोळ्यांत शिरणारा उजेड निघाला तेव्हा आफ्रिकेत आपले पूर्वज दगडाची हत्यारं घडवत होते. वृषपर्व्यात एका मुलाला दिसलेला ताल असा देवयानीपर्यंत पोचला आणि त्यानं विश्वाच्या भिंती मागे सारल्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या वेधशाळांचं आणि परदेशांचं. तर मग राधागोविंद चंद्र यांच्याविषयी ऐका. आज बांगलादेशात असलेल्या जेसोर गावी ते सरकारी तिजोरीत नोकरी करत. १९१८ साली गरुड तारकासमूहात एक तारा अचानक उजळला, तो त्यांनी आपल्या छोट्या दुर्बिणीतून पाहून नोंदवला. तिथून त्यांचा अमेरिकेतल्या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेशी संबंध आला. दिवसा कचेरी आणि रात्री आकाश, असं करत त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी त्या संस्थेला पाठवल्या. संस्थेनं त्यांच्यासाठी सातासमुद्रापलीकडून सहा इंची दुर्बीण पाठवली. तीच दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंकडे गेली, ज्यांनी तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभी केली. आपल्या पुण्यातही १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. नोकरी सांभाळून तालमीला येणारी माझी नाटकवाली मंडळी आणि नोकरी सांभाळून रात्री जागणारी ही आकाशवाली मंडळी, दोघांची जात मला एकच वाटते. कुणी सांगितलं म्हणून ती येत नाहीत. आल्यावाचून त्यांना राहवत नाही.

आणि ही जुन्या काळचीच गोष्ट आहे असंही समजू नका. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो एवढा उतरला की मृगातल्या शेजारच्या मंद पायाइतकाच दिसू लागला. मी तो रोज गच्चीवरून पाहत होतो आणि चार घरी जाऊन लोकांना दाखवत होतो. बऱ्याच जणांना फरक कळेना, कारण काक्षी आधी कसा होता हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पुढे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून कारण कळलं. काक्षी इतका प्रचंड आहे की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल. त्यानं वायूचा एक लोट बाहेर टाकला होता, पृष्ठभागाचा एक भाग निवला होता, आणि त्या वायूची धूळ होऊन ती आपल्या आणि त्याच्या मधे आली होती. काही महिन्यांत तो पुन्हा पहिल्यासारखा झाला.

माझ्या आयुष्यात कलेनं आणि आकाशानं मला एकच गोष्ट शिकवली. लोक म्हणतात, तेच तेच काय पाहायचं? मी म्हणतो, तेच पाहायचं. एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याला कळतं की आज नटाचा आवाज अर्ध्या सुरानं खाली आहे, आज त्या वाक्यानंतरचा थांबा लांबला. एकच तारा पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याला कळतं की आज काहीतरी घडतं आहे. नवलाई रोज नव्या ठिकाणी जाऊन सापडत नाही. नेहमीचं ज्याला पाठ आहे, त्याच्याच पदरात ती पडते.

म्हणून प्रत्येक नातवंडाला मी एक वही देतो, आणि तुम्हीही एक घ्या. शर्मिष्ठा शोधा, तिच्यावरून ययाती शोधा, त्यातली मायावती ओळखून ठेवा. शेजारचे दोन-तीन तारे निवडा. तारीख, वेळ आणि मायावती कोणाइतकी ठळक दिसली, एवढंच लिहा. पुष्कळ रात्री लागोपाठ एकच नोंद होईल: नेहमीसारखी. धाकटा कंटाळून म्हणाला, “आजोबा, काहीच झालं नाही तरी लिहायचं?” हो बाळा, तेव्हा तर नक्की लिहायचं. गुडरिकच्या वहीतही अशा नोंदी होत्या, राधागोविंदांच्या वहीतही होत्या. त्या होत्या म्हणूनच ज्या रात्री मायावती मंदावली, त्या रात्री ती मंदावल्याचं त्यांना कळलं.